फोटोत दार उघडं होतं

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्यासोबत घडलंय. गेल्या महिन्यात, दादाच्या घरी, भर दुपारी.

माझं काम जरा चमत्कारिक आहे. खोलीचा फोटो दिला की तिथे आवाज कसा घुमेल, ते आमचा प्रोग्रॅम सांगतो. मग आम्ही खरंच त्या खोलीत जाऊन फुगा फोडतो, रेकॉर्ड करतो आणि अंदाज ताडून बघतो. हसू नका, याचाच पगार मिळतो मला.

आई गेली तेव्हा मी परगावी होते.

"झोपेतच गेली गं. हात माझ्या हातात होता," दादा फोनवर म्हणाला होता. त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं.

त्या दुपारी चाचणीसाठी आईच्या रिकाम्या खोलीचे फोटो काढले. दार सताड उघडं.

प्रोग्रॅमचं उत्तर आलं...

दार बंद असल्यासारखा आवाज घुमेल.

उघड्या दारातून आवाज निसटून जातो. बंद खोलीत घुमत राहतो. मला वाटलं, प्रोग्रॅमच चुकला. मी फुगा फोडला.

आवाज घुमत राहिला...

आणखी दोन फोडले. दार उघडंच होतं. तरी तेच.

मी दार नीट बघितलं. बाहेरच्या बाजूला चार बारीक भोकं, पुट्टीने बुजवलेली.

"दादा, इथे बाहेरून कडी होती?"

तो खिडकीबाहेर बघू लागला.

"दादा!"

"ती उठून रस्त्यावर जायची गं... आम्ही कामावर गेलो की तेवढ्यापुरती लावायचो."

"त्या दिवशीही?"

"संध्याकाळी आलो, तेव्हा ती दारापाशीच पडलेली... गार."

सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता. मी संतापून फुग्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि हेडफोन त्याच्या कानांवर चढवले.

"ऐक. बंद खोली कशी वाजते, ऐक!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आलो, आई... आलो... उघडतो..."

तो धावला. आणि त्या उघड्या दारापुढे, हवेतच, कडी चाचपडत राहिला...

ती फाइल मी नंतर कितीदा तरी ऐकली. फुगा फुटतो. आवाज घुमतो, विरतो. बस्स.

मग दादाने काय ऐकलं?

विचारायची हिंमत होत नाही. वहिनी म्हणते, रोज दुपारी तो कान झाकून बसतो.

मला भीती वाटते. पण खरं सांगू? त्याला ऐकू येत असेल, तर येऊ दे.