दोराचं दुसरं टोक

पूल पडून पाच दिवस झाले होते. सकाळी मुकादम आला आणि म्हणाला, "पाणबुड्याच्या होडीवरच्या माणसाचा खांदा निखळलाय. दोर धरायला तू जा. तुला काय, सवयीचं काम." मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

सवयीचं होतं खरं. बारा वर्षं मी पुलावर दोरवाला होतो. रंगारी कठड्यापलीकडे उतरून, लोंबकळत खालचं लोखंड रंगवतो आणि त्याच्या कमरेचा दोर वर एक माणूस हातात धरून उभा राहतो. हातातच. कठड्याला बांधायचा नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. बांधलेल्या दोरावरून खालचा माणूस काय सांगतोय ते कुणाला कळणार? एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे वर ओढ, तीन म्हणजे सैल सोड. माझ्या दोरावरचा रंगारी म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. भाऊजी म्हणायचे, "तुझ्या बहिणीने गळ्यात दोर बांधला, तू कमरेला बांधलास. आता मी पळणार कुठे?"

त्या दिवशी दाट धुकं होतं. मी दोर कठड्याला बांधला आणि सिगरेटी आणायला शेडकडे निघालो. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात भोंगा वाजला, मग वाजतच राहिला, आणि धुक्यातून एक जहाज दिसलं. इंजिन बंद पडलेलं, तिरकं वाहत येणारं. पुलाच्या खांबावर आदळायला दोन मिनिटं तरी होती. तेवढ्या वेळात मी भाऊजींना वर घेतलं असतं. मी किनाऱ्याकडे पळत सुटलो. ताईला मात्र सांगितलं, "मी शेवटपर्यंत धरून होतो गं... दोर तुटला." बाकी सगळी माणसं वाचली. भाऊजी तेवढे सापडत नव्हते.

ताई रोज धक्क्यावर येऊन बसायची. भाऊजी सापडावेत असं मलाही मनापासून वाटत होतं, पण त्यांच्यासोबत तो कठडाही सापडेल, त्यावरची माझी गाठ सापडेल, अशी भीतीही वाटायची. खोटं कशाला बोलू?

होडी जहाजाच्या नाकाडापाशी थांबली. पुलाचं लोखंड अजून त्यावर आडवं पडलेलं होतं आणि मधूनमधून कण्हल्यासारखं करकरत होतं. डिझेल, गाळ आणि आमच्याच रंगाचा वास. पाणबुड्या उतरला. त्याची खूण साधी होती: एक झटका म्हणजे ठीक, सारखे झटके म्हणजे वर घ्या. दुसरं काही नाही.

पंधरा मिनिटांनी दोर हलला. तीन झटके. थोडं थांबून पुन्हा तीन.

हात आपोआप सैल झाला. मी दोन हात दोर सोडला. पुन्हा तीन... या वेळी जोरात, घाईने. मी आणखी सोडला.

पाणबुड्या वर आला तेव्हा मी विचारलं, "सैल कशाला मागत होतात?"

"मी? मी दोराला हातही लावला नाही." त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. "सापडला तुझा माणूस. पण... पुलावरून एकच गेलाय ना?"

"एकच."

"मग खाली दोन कसे? याच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक एकाच्या हातात आहे."

"कठड्याला असेल," मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू येईना.

"कठडा लांब पडलाय. हा हात आहे. हाडं आहेत नुसती. मनगटाला तीन वेढे देऊन मूठ आवळलीय."

डॉक्टरांनी पाहून सांगितलं की हाडं पन्नास वर्षं तरी जुनी आहेत. पूल बांधला त्या वेळची. पोलिस म्हणाले, प्रवाहाने गुंडाळला असेल दोर. लिहायला बरं असतं ते.

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तू धरून होतास ना?"

"नाही ताई. मी बांधून गेलो होतो. आणि मग... मी पळालो."

ती मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. ती बराच वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तू सोडलंस. पण कुणीतरी धरलं त्यांना. एकटे नव्हते ते. आता ती मूठ सोडवू नका. दोघांना एकाच शवपेटीत ठेवा."

संध्याकाळी पाणबुड्याने मला बाजूला घेतलं. "तिच्यासमोर बोललो नाही. तुझ्या भाऊजींचं तरंगायचं जॅकेट पूर्ण फुगलेलं होतं. ते वरच येत होते. दोर खालून ताणलेला होता... धरून ठेवला म्हणूनच ते बुडाले."

हे ताईला सांगायला मी तिच्या दारापर्यंत गेलो. पाच दिवसांत पहिल्यांदाच तिने दोन घास खाल्ले होते. मी तसाच परत फिरलो. दया म्हणा, नाहीतर भित्रेपणा. मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांना एकाच पेटीत पुरलं, मूठ न सोडवता. पेटीच्या चार कोपऱ्यांच्या कड्यांना चार दोर होते. त्यातला एक माझ्या हातात होता. पेटी हळूहळू खाली गेली, तळाला टेकली. बाकी तिघांचे दोर सैल पडले आणि त्यांनी ते सोडून हात झटकले.

"सोड आता," ताई हलकेच म्हणाली.

माझा दोर अजून ताणलेलाच होता.