आणाल ते परत न्या

तिथे कधीच घर नव्हतं, हे तुम्ही मला तोंडावर सांगितलंत. एकदा नव्हे, दर वेळी. मऊ आवाजात, टोपी हातात घेऊन. पॅनकेकच्या हॉटेलात सकाळची पाळी करून माझं आयुष्य गेलं आहे. खोटं बोलणारी माणसं मी रोज बघते. पण तुमच्याइतकं सभ्यपणे खोटं बोलणारं कुणी पाहिलं नाही.

म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते. उद्यानाच्या कार्यालयात कुणाला तरी वाचता येत असेल.

माझ्या मुलीचं, टेसाचं, लग्न ठरलं तेव्हा तिने एकच हट्ट धरला. हॉल नको, चर्च नको. वर लॉरेलच्या खोऱ्यात, मॅमॉ जन्मली तिथे. मॅमॉ म्हणजे तिची आजी, माझी आई, ओपल हॅटमेकर. सरकारने डोंगराचं राष्ट्रीय उद्यान करायचं ठरवलं तेव्हा खोऱ्यातली माणसं खाली उतरवली आणि घरं जाळली. आई तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून खाली आली. त्यानंतर ती कधी वर गेली नाही. आता तिचं हृदय थकलं होतं, आणि डॉक्टर पुढच्या हिवाळ्याबद्दल बोलेनासा झाला होता. लग्नाचं मला फार कौतुक नव्हतं, माझी स्वतःची दोन मोडली आहेत. आईला एकदा तिच्या अंगणात उभं करायचं आणि धड घरी आणायचं, मला एवढंच हवं होतं.

लग्न छोटं म्हणजे काम थोडं, असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवा. तुमच्या नियमांत कमान नको, तांदूळ नको, पाकळ्या नको, वाजवणं नको. खुर्ची फक्त म्हाताऱ्यांना. जमिनीत काही खुपसायचं नाही. आणि तुमच्या रेंजरबाई प्रत्येक भेटीत शेवटी तेच म्हणायच्या, "आणाल ते सगळं परत न्या. इथे काही राहता कामा नये." पाळी संपवून, सुजलेल्या पायांनी मी समोर उभी असायचे. मान डोलवायचे.

मार्चमध्ये त्यांनी जागा दाखवली. ओकच्या झाडांमध्ये एक मोकळा तुकडा, रस्त्यापासून जवळच. गवत आखूड. पायवाटेपासून डॅफोडिलच्या दोन सरळ रांगा निघत होत्या, कळ्या धरलेल्या. मोकळ्या जागेच्या मध्यावर त्या एकदम संपत होत्या. पुढे काही नाही.

"जंगली आहेत," रेंजरबाई म्हणाल्या.

"जंगली फुलं रांगेत उभी राहतात होय?" माझा भाऊ हर्शेल म्हणाला. "शाळेत जात असतील."

त्या हसल्या. "वस्ती खाली ओढ्याकाठी होती, मॅडम. इथे कधीच घर नव्हतं."

आई गाडीतच होती. काच खाली करून ती हवा हुंगत होती. "कुणीतरी मक्याचा पाव लावलाय चुलीवर," ती म्हणाली. "कडा करपतायत बघ."

मला चीड आली. कारण मलाही वास येत होता.

आता बाटलीचं सांगते. दडवण्यात अर्थ नाही. आमच्याकडे लग्नाच्या महिनाभर आधी बर्बनची भरलेली बाटली, बूच खाली करून, लग्न लागणार तिथेच पुरतात. मग त्या दिवशी पाऊस येत नाही. लग्न लागलं की उकरायची आणि सगळ्यांनी घोट घोट घ्यायचा. नियमात बसत नाही, मला ठाऊक आहे. तुमचा नियम यायच्या आधीपासून आम्ही पुरतो आहोत.

टेसाचा नवरा व्हायचा तो कोल्बी सपाटीवरचा. तो म्हणाला, "आमच्या ओहायोत दारू पितात. पेरत नाहीत."

"म्हणून तुमच्याकडे पीक येत नाही," हर्शेल म्हणाला.

रेंजरबाईंची गाडी वळणाआड गेल्यावर त्याने केकच्या डब्यातून खुरपं काढलं. तेवढ्यात आईने गाडीतून हाक मारली.

"हर्शेल, दाराबाहेर पूर. उंबऱ्याच्या आत नको. आत गेलेलं ते देत नाहीत."

"कोण देत नाही, आई? आणि दार कुठाय?"

तिने काच वर केली.

दोन रांगांच्या मधली जमीन दगडासारखी होती. खुरपं उडायचं. रांगा संपतात त्याच्या पलीकडे मात्र माती चाळलेल्या पिठासारखी मऊ. हर्शेलने तिथेच पुरली. "दोनदा खणायला माझ्याकडे दुसरी पाठ नाही," तो म्हणाला. माती दाबताना तो थांबला, हाताने थोपटून पाहिलं. "लोरीन, खाली पोकळ वाजतंय गं. फळीसारखं."

"उंदरांची बिळं असतील," मी म्हटलं. मला घरी जाऊन पाय गरम पाण्यात घालायचे होते.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून पाऊस. नुसता कोसळत होता. टेसा गाडीत रडत होती. कोल्बी एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, "पीक चांगलं आलंय." कुणी हसलं नाही. वर पोचलो, छत्र्या उघडल्या, फुललेल्या रांगांमधून निघालो.

रांगा संपल्या तिथे पाऊसही संपला.

थांबला नव्हता. आमच्या मागे पडत होता, डावीकडे, उजवीकडे, पलीकडच्या ओकवरही. मधला एक चौकोन फक्त कोरडा होता. एका खोलीच्या घराएवढा. कडा दोरी लावून आखल्यासारख्या सरळ, आणि पुढच्या कडेवर पाण्याची ओळीने धार, पागोळ्या गळाव्यात तशी.

"बाटलीने काम केलं," हर्शेल म्हणाला. "जागा थोडी कमी धरली."

सगळे दाटीवाटीने आत शिरले. पाद्रीबाबांनी पुस्तक उघडलं आणि मग वर पाहिलं. डोक्यावर लाकडी छपरावर वाजतो तसा पाऊस वाजत होता. वर करडं आभाळ होतं, दुसरं काही नाही.

आईला मी हाताला धरून आणत होते. रांगा संपल्या तिथे ती थांबली. बूट काढून बाजूला ठेवले. मग पाय उचलला, गरजेपेक्षा उंच, आणि आत टाकला.

तिचा हात माझ्या हातातून सुटला. सोडवून घेतला असं नाही. सुटला.

खुर्चीवर बसल्यावर तिच्या गालांना रंग आला होता. कित्येक वर्षांत पाहिला नव्हता तसा. "दार लोटून घे गं," ती मला म्हणाली. "ओल येतेय."

पाद्रीबाबांनी घाईघाईने लग्न लावलं. टेसाचं "हो" पावसात नीट ऐकूही आलं नाही. हर्शेलने बाटली उकरली.

बुचावरची लाख शाबूत होती. बाटली रिकामी होती. काच कोमट.

त्याने ती बाहीने पुसली आणि कोटाच्या खिशात घातली. विनोद केला नाही. हर्शेलने विनोद केला नाही, यावरूनच मला तेव्हा कळायला हवं होतं.

तुमच्या रेंजरबाई रस्त्यावर उभ्या होत्या, चिंब. कोरड्यात या म्हणून मी हात केला. त्यांनी मान हलवली आणि नजर वळवली. त्यांना काय माहीत होतं?

आवराआवर सुरू झाली. आणलेलं सगळं परत न्यायचं ना. "चल, आई," मी म्हटलं.

"तू हो पुढे. मी हे संपवून येते." तिच्या हातात काही नव्हतं. पण जबडा हलत होता.

मी केकचा डबा गाडीत ठेवला. वळले.

चौकोनात पाऊस पडत होता. खुर्ची भिजत होती.

बूट तिथेच होते, शेजारी शेजारी, चवडे आतल्या बाजूला.

तुम्ही माणसं लावलीत, कुत्री आणलीत, हे मी नाकारत नाही. कुत्री फुलांमधून गेली आणि रांगा संपल्या तिथे खाली बसली. दार उघडायची वाट बघतात तशी. मागे ओढली तर केकाटली. ओल्या मातीत अनवाणी पावलांचे ठसे कुठेच नव्हते. मग तुमच्या साहेबांनी टोपी काढली आणि म्हणाले, वय झालं होतं, चकवा लागला असेल, ओढा भरलेला आहे. आणि घराचं विचाराल तर तिथे कधीच घर नव्हतं.

पाऊस आला की मी अजून वर जाते. कामावरून सुटले की तशीच, एप्रनमध्ये. रांगांच्या टोकाशी पागोळ्यांच्या अलीकडे उभी राहते. मक्याच्या पावाचा वास येतो. आत हलक्या आवाजात बोलणं चालू असतं, एक बाई, एक पुरुष, आणि एक लहान मुलगी, जी मधेच हसते. मी "आई" म्हणून हाक मारते. छपरावरचा पाऊस वाजत राहतो. फक्त आतलं बोलणं थांबतं.

मागच्या आठवड्यात तुमचा माणूस आमच्या दारात खुर्ची ठेवून गेला. नियम आहे म्हणाला, आणाल ते परत न्या.

बरं. नियमानेच बोलू. त्या दिवशी मी वर केक आणला होता, खुर्ची आणली होती, आई आणली होती. केक परत नेला. खुर्ची तुम्ही आणून दिलीत.

आई कुणाकडे मागायची, ते लिहून कळवा.