आम्पारोची अडतीस मिनिटं

बस, बस खाली. कॅमेरा एक दिवस उशिरा परत केलास म्हणून लायब्ररीवाले काही तुला फासावर देत नाहीत. मयताच्या घरून उठून थेट मीडिया लायब्ररीत निघालाय शहाणा! का, तर ती वाटेत पडते आणि नऊपर्यंत उघडी असते. म्हणजे घरी जाण्याआधी मध्ये कुठंतरी थांबायचं असतं तेही झालं आणि कामही झालं. अरे बाबा, हेच, अगदी हेच डेल्फिनच्या डोक्यात आलं होतं. तुम्ही बाकीचेही बसा. मयताशेजारी रात्र जागवायला घेतलेले पत्ते ठेवा खाली आणि ती कॉफी इकडे सरकवा.

डेल्फिन माझ्याबरोबर एकोणीस वर्षं त्या लायब्ररीत होता. मी दिवसपाळीला, तो संध्याकाळच्या. तुम्हाला ती जागा म्हणजे कॅमेरे, तिकाटणी आणि चार्जर फुकट मिळण्याचं ठिकाण वाटतं. पण आतल्या बाजूला टेप ऐकायचे सहा बूथ आहेत, तिकडे तुम्ही कशाला फिरकाल! ओळखपत्र ठेवायचं, हेडफोन घ्यायचे, वहीत कॅसेटचा नंबर लिहायचा आणि बसायचं ऐकत. कॅसेट दाराबाहेर न्यायची नाही. हा नियम कुलगुरूंनाही लागू आहे.

या बूथमध्ये दर शुक्रवारी एक माणूस यायचा, वयानं मोठा म्हणून आम्ही त्याला नोंग म्हणायचो. नोंग प्रुदिंग. गिमारास बेटाला जाणाऱ्या बोटीवर इंजिन सांभाळून निवृत्त झालेला. अंगाला डिझेलचा आणि मालिशच्या तेलाचा वास कायमचा. बूथ ठरलेला, चार नंबर. कॅसेटही ठरलेली. शहाण्णव साली विद्यापीठातला कोणी संशोधक हातमागावरच्या बायकांच्या मुलाखती घेत फिरला होता, त्यातली ही एक. त्यात नोंग प्रुदिंगची बायको बोलते. आम्पारो. अडतीस मिनिटं. मुलाखतीनंतर वर्षभरात ती गेली. तिचा आवाज जगात आणखी कुठंही नाही.

म्हातारा कॉपी मागत होता. मुलगी रोदोरा दुबईत नर्स. आईचा आवाज तिला आठवतच नाही. आई गेली तेव्हा ती दोन वर्षांचीही नव्हती. "कॉपी मिळाली की मी आणि पोर घरी बसून ऐकू," म्हातारा म्हणायचा, "तुमच्या त्या खुराड्यात नको." डेल्फिननं अर्ज भरून घेतला. जूनमध्ये मंजुरीही आली. पण कॅसेटची कॉपी तुमच्या फोनसारखी एका बोटात होत नाही. अडतीस मिनिटांची टेप अडतीस मिनिटं वाजवावी लागते आणि तेवढा वेळ मशीनपाशी बसावं लागतं. डेल्फिनचं उत्तर दर शुक्रवारी एकच, "पुढच्या आठवड्यात नक्की, नोंग." अर्ज ड्रॉवरमध्ये पडून राहिला.

नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला, मंगळवारी, म्हातारा झोपेतच गेला.

रोदोरा दुबईहून आली. मोलोमधल्या त्यांच्या घरी शवपेटी ठेवली होती. गेल्या वर्षीची गोष्ट सांगतोय. बावीस तारीख, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला माती द्यायची होती. डेल्फिन संध्याकाळी सहाला भेटायला गेला. पेटीजवळ उभा राहिला आणि त्याची मान वर होईना. रोदोरा शेजारी येऊन उभी राहिली.

"नोंग डेल्फिन, बाबांनी त्या कॅसेटचा अर्ज दिला होता ना?"

"दिला होता, इंदाय पोरी."

"मग?"

डेल्फिन खोटं बोलू शकला असता. मशीन बिघडलंय म्हणाला असता तरी चाललं असतं. पण समोर पेटी होती.

"राहून गेलं," तो म्हणाला. "चूक माझी आहे."

पोरगी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "उद्या त्यांना न्यायच्या आधी मला एकदा ऐकायचंय. त्यांच्या शेजारी बसून. फार मागतेय का मी?"

तिची आत्या, नांग तेसिंग, बिस्किटांचं ताट फिरवत होती. ती मध्येच बोलली, "अगं, त्यात तूसुद्धा आहेस. अकरा महिन्यांची. मुलाखत चालू असतानाच भोकाड पसरलंस, तेव्हा सगळं थांबवून आम्पारोनं तुला गाऊन निजवलं. प्रुदिंग बोटीवर होता, त्याला हे कॅसेट ऐकून कळलं. तेवढं ऐकायलाच जायचा मेला दर शुक्रवारी!"

"सकाळी सातच्या आत आणून देतो," डेल्फिन म्हणाला. "आत्ताच जातो."

रोदोरा त्याला पोचवायला फाटकापर्यंत निघाली तशी नांग तेसिंग ओरडली, "ए, परत फीर! दुबईला जाऊन सगळं विसरलीस की काय? मयतवाल्यांनी कुणाला पोचवायचं नसतं. आणि डेल्फिन, तू रे, सरळ घरी जाऊ नकोस. डोनटच्या दुकानात थांब, नाहीतर पेट्रोलपंपावर. घरी नातवंड आहे तुझ्या."

"लायब्ररीत थांबतोच आहे की, नांग."

"मग झालं तर," म्हातारी म्हणाली.

म्हणजे बघा, तिच्यासारख्या मुरलेल्या बाईच्याही लक्षात आलं नाही. कशासाठी थांबतो आपण मध्ये? मेलेला मागोमाग आलेला असेल तर त्यानं तिथंच रेंगाळावं, आपल्या उंबऱ्यापर्यंत येऊ नये म्हणून. म्हणजे थांबायचं ते त्याचं काही घेणंदेणं नाही अशा जागी. डोनट कोणाचे कोण असतात? आणि डेल्फिन निघाला कुठं? शुक्रवारी. त्याच बूथकडे.

आठ वाजून दहा मिनिटांनी तो पोचला. काउंटरवरच्या मुलीला त्यानं लवकर सोडलं. बाहेरचा बोर्ड फिरवला, कपाटातून कॅसेट काढली. सवयीनं वहीत नंबर लिहिला, वेळ लिहिली. चार नंबरच्या बूथमध्येच तेवढं एक चालू मशीन उरलंय, ते संगणकाला जोडलं. कॉपी होताना पडद्यावर आवाजाची रेघ उमटते, डोंगरासारखी वरखाली होत पुढं सरकते. हेडफोन लावले आणि बटण दाबलं.

आम्पारो बोलू लागली. मोकळं, हसरं बोलणं. रंग उतरू नये म्हणून सूत कसं भिजवायचं, सासूनं पहिल्याच दिवशी धोटा कसा फेकून मारला. तो संशोधक पोरगा अगदीच बावळट प्रश्न विचारत होता आणि ती त्याची फिरकी घेत होती. डेल्फिनला बरं वाटलं. सहा महिन्यांचं ओझं उतरतंय असं वाटलं.

दहा-अकरा मिनिटं झाली असतील. बाईचा आवाज जरा लांब गेला. बोलता बोलता तिनं तोंड फिरवावं तसा.

डेल्फिननं वायर तपासली. ठीक होती. आवाज वाढवला. संशोधकाचा प्रश्न कानठळ्या बसतील इतका मोठा आला. उत्तर मात्र... पुटपुटल्यासारखं.

त्यानं पडद्याकडे पाहिलं. प्रश्न आला की डोंगर. ती बोलली की रेघ बसकी. पुढच्या उत्तराला आणखी बसकी. त्याच्या पुढच्याला सपाट.

टेप जुनी आहे, तो मनाशी म्हणाला. पण जुनी टेप एकाचाच आवाज खाते का?

त्यानं बटण दाबून मशीन थांबवलं. हेडफोन काढले.

आणि वास आला. डिझेलचा. त्यामागून मालिशच्या तेलाचा.

बूथमध्ये दोन खुर्च्या असतात. दुसरी डाव्या हाताला होती. रिकामी. तिची गादी हळूहळू खाली दबत गेली. अगदी सावकाश. गुडघे दुखणारा माणूस बसतो, तशी.

डेल्फिनला तेव्हा कळलं. आपल्याबरोबर कोण आलंय ते. आणि कोणी आणलंय तेही.

पळावंसं वाटलं. पण पळून जाणार कुठं? घरी? पाळण्यात नातवंड होतं. आणि कॅसेट? कॅसेट काढून खिशात घालावी का? पण सकाळी सातला पोरगी दारात उभी असणार. आम्पारो गाते ती जागा अजून आलीच नव्हती. ते पुढं होतं, तिसाव्या मिनिटाच्या आसपास.

"नोंग," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला ओळखू येईना.

...

"नोंग प्रुदिंग. चूक माझी. सहा महिने अर्ज मी दाबून ठेवला. त्याचा राग पोरीवर नका काढू."

काही नाही. फक्त वास.

"ती दुबईहून आलीय. तिला आईचा आवाज ठाऊक नाही. तुम्ही इतकी वर्षं ऐकलात... सगळं नका नेऊ. तिच्यासाठी काहीतरी ठेवा."

...

बराच वेळ गेला.

खट्ट.

बटण आपोआप खाली गेलं. कॅसेट फिरू लागली.

डेल्फिननं हेडफोन परत लावले नाहीत. मला म्हणाला, हिंमतच झाली नाही. ते मांडीवर उपडे धरून बसला. पडद्याकडेही बघेना. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. नऊ वाजून चार मिनिटांनी टेप संपली. वास नव्हता. गादी वर आली होती.

त्या रात्री तो घरी गेला नाही. हारोच्या चर्चच्या पायरीवर बसून राहिला. कॉपी फोनवर घेतली होती, ती घेऊन सातला मोलोला पोचला. काय कॉपी झालीय ते त्यानं ऐकलेलंच नव्हतं. रोदोराला सांगायला हवं होतं, पण तिनं त्याच्या हातातून फोन घेतला तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून त्याच्यानं बोलवेना. ती पेटीला टेकून बसली. इअरफोनचं एक टोक तिनं कानात घातलं आणि दुसरं त्याच्या हातात दिलं.

"तुम्ही पण ऐका, नोंग. तुमच्यामुळे मिळालं."

संशोधकाचा प्रश्न आला. मग काहीच नाही. पहिली दहा मिनिटं डेल्फिननं काल स्वतःच्या कानांनी ऐकली होती, तीही रिकामी. माग खडखडत होता, लांब कोंबडा आरवला. पुन्हा प्रश्न. पुन्हा काहीच नाही. मग तो पोरगा खदखदून हसला. कोणीतरी चांगलीच फिरकी घेतल्यासारखा. समोर शांतता.

रोदोरानं डेल्फिनकडे पाहिलं. "आई कुठंय?"

डेल्फिनला वाटलं, इथंच जमिनीत गडप व्हावं. पोरीला आता आईही नाही आणि आईचा आवाजही नाही, आणि आवाज गेला तो आपल्यामुळे. तो इअरफोन काढणार इतक्यात तिनं त्याचं मनगट धरलं.

तीस मिनिटं झाली होती. बाळ रडायला लागलं. जोरात, आकांतानं. माग थांबला. रडणं जरा जवळ आलं, कोणीतरी उचलून घेतल्यासारखं.

आणि कोणीतरी गाऊ लागलं.

बाईचा आवाज नव्हता. पुरुषाचा. जाड, खरखरीत. सूर धड नाही, शब्द अर्धे विसरलेले. मध्येच खोकून थांबला, पुन्हा पहिल्यापासून धरलं. "नीज, इंदाय... नीज..." बाळाचं रडणं कमी होत गेलं. हुंदके. मग तेही थांबले.

पेटीच्या लाकडावर रोदोरानं हात सपाट ठेवला होता. मग हळूच म्हणाली, "नोंग, बाबा तर त्या दिवशी बोटीवर होते ना?"

डेल्फिननं सोमवारी मला बोलावलं. दिवसाढवळ्या, खिडक्या उघड्या ठेवून आम्ही दोघांनी मूळ कॅसेट लावली. मला वाटलं होतं, घोटाळा कॉपीत झाला असेल. मूळ कॅसेटसुद्धा तशीच होती. खोकल्यासकट.