आधी पाळणा

मशीन सुरू होतं तेव्हा त्याच्या पोटातली कामं एकदम उठत नाहीत. कुणी आधी जागं व्हायचं, कुणी कुणासाठी थांबायचं, हे लिहून ठेवावं लागतं. इस्पितळातल्या मशीनांवर ते ज्याने त्याने आपल्या मनाने लिहिलेलं. जितके हात तितक्या रीती. सगळं एका साच्यात बसवायचं, हे माझं काम.

शेवटचं मशीन नवजात बाळांच्या खोलीतलं. काचेच्या पेट्यांतल्या बाळांचे ठोके ते ऐकायचं. खिडकीजवळच्या पेटीत माझी भाची होती. सातव्या महिन्यातच आलेली, ओंजळीएवढी.

"दादा, काही बिघडवून ठेवू नकोस हं," बहीण म्हणाली.

"अगं वेडे, मशीन नुसतं ऐकतं. श्वास तुझी लेक आपला आपण घेते."

ठोके ऐकणारं काम सुरू होण्याआधी 'पाळणा' नावाच्या दुसऱ्या कामासाठी थांबत होतं. मी सगळं मशीन धुंडाळलं. त्या नावाचं काहीच नव्हतं. जे नाही त्याची वाट बघायची नाही, हा आमच्या साच्याचा नियम. मी ती ओळ पुसली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

झटक्यात उठलं. पडद्यावर बाळांच्या रेघा नाचू लागल्या. एकच सपाट राहिली. खिडकीजवळची.

"वायर निघाली असेल," मी म्हणालो.

नर्स पेटीवर वाकली. "वायर जागेवर आहे. बाळ निळं पडतंय. डॉक्टर!"

डॉक्टर धावत आले. इवल्या छातीवर दोन बोटं दाबत राहिले. छाती हलेना.

पुसलेली ओळ मी परत लिहिली. मशीन बंद केलं, चालू केलं.

ते वाट बघू लागलं.

त्या काचेच्या, लोखंडाच्या खोलीत लाकूड करकरलं. सावकाश. मागे, पुढे. मागे, पुढे.

पडद्यावर अक्षरं उमटली : पाळणा तयार.

भाची रडली.

"डॉक्टरांच्या हाताला यश आहे हो," नर्स म्हणाली. मी मान डोलावली.

भाची घरी आली, तिने बाळसं धरलं. काल नर्सचा फोन आला. "नवं मशीन बसवतोय. पण जुन्यावर तुमच्या भाचीची रेघ अजून चालूच आहे. वायर तर केव्हाच काढली! करू ना बंद?"

भाची माझ्या मांडीवर खिदळत होती. ती गप्प झाली. श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.