दोराचं दुसरं टोक

बसा रे. वीज येईपर्यंत खाली जाऊन तरी काय करणार? बेटावर फिरायला जाताय ना, खुशाल जा. पण आमच्या शेजारच्या पंपवाल्याचं काय झालं ते ऐकून जा. ऐकीव नाही हं. अर्धं त्याने स्वतः मला सांगितलं, अर्धं त्याच्या बायकोने.

पंपवाला म्हणजे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा. हातात जादू, पण तोंडात सदानकदा एकच, "आलो, आलो!" गिऱ्हाईक हाक मारो, फोन वाजो, बायको जेवायला बोलावो, हा "आलो, आलो" म्हणणार आणि तासाभराने उगवणार. बायको म्हणायची, "तुमच्या 'आलो'वर विसंबले तर मी मेल्यावरच पोचाल."

मार्चमधला शेवटचा बुधवार होता. एका बेटावरच्या गेस्टहाउसची मोटार बंद पडली होती. याने विचार केला, कामही होईल आणि लग्नापासून कुठे न नेलेल्या बायकोला समुद्रही दाखवून होईल. बेट होतंही तसंच शांत. पांढरी वाळू, माडांची सावली, दाराला कुलूप घालायची पद्धतच नाही. म्हाताऱ्या बायका ओट्यावर बसून झावळ्यांच्या चटया विणत होत्या. त्यांनी हिला शेजारी बसवून वीण शिकवली. दिवसभर ती लहान पोरीसारखी हसत होती.

संध्याकाळी मोटार सुरू झाली. आणि रात्री साडेदहाला बायकोचा दमा उसळला. तोंडात मारायचा तिचा पंप रिकामा. नवा कपाटात आहे तो घ्या, असं तिने निघताना बजावलं होतं. हा म्हणाला होता, "आलो, आलो, घेतो." राहिला तो राहिलाच. दुनियेचे पंप दुरुस्त करणारा बायकोचा पंप घरी विसरला.

दवाखाना पलीकडच्या किनाऱ्यावर. होडी एकच, आणि ओहोटी लागल्यामुळे ती वाळूवर कलंडलेली.

"भरती आल्याशिवाय ही हलायची नाही," म्हातारा नावाडी म्हणाला. "अख्खं गाव लावलंत तरी नाही."

बायकोला होडीला टेकवून वाळूवर बसवलं. तिथल्या नावाड्यांची एक रीत होती. दोराचं एक टोक होडीला, दुसरं स्वतःच्या पायाला बांधून झोपायचं. होडी तरंगली की दोर ओढला जातो आणि जाग येते. पण नावाडी थकून पेंगत होता. पंपवाला म्हणाला, "बाबा, मला कुठे झोप लागणार आहे? बांधा माझ्या पायाला."

नावाड्याने बरीच कां-कूं केली. शेवटी गाठ मारत म्हणाला, "ओढ लागली की मुकाट्याने उठायचं, मला हलवायचं. पण ओढीला उत्तर द्यायचं नाही. तिकडे होडी आहे की दुसरं कुणी, ते आधी बघायचं."

पंपवाल्याने मान डोलावली. भ्यायला त्याला सवड कुठे होती? बायकोच्या छातीचा भाता चालला होता आणि पाणी लांब होतं. मला म्हणाला, "उभ्या जन्मात मी एवढा निरुपयोगी कधी झालो नव्हतो. हत्यारांची पेटी शेजारी, आणि करायला काही नाही."

डोळा कधी लागला, कळलं नाही.

ओढ लागली.

"आलो, आलो!" तोंडातून गेलं.

मग त्याने डोळे उघडले. होडी तिथेच होती. कोरड्या वाळूवर. त्याने बॅटरी मारली. दोर आता होडीला नव्हताच. तिच्या बाजूने पुढे गेला होता... सरळ... पाण्यात.

पुन्हा ओढ. तो फरपटला. ओरडायला गेला... आवाज फुटेना. बायको बघत होती. तिला श्वासच नव्हता, ती काय ओरडणार...

नावाडी जागा झाला. त्याने कोयत्याने दोर तोडला.

"बोललात?"

याने होकारार्थी मान हलवली.

पाणी चढलं, होडी तरंगली, बायको वाचली. उतरताना नावाडी एवढंच म्हणाला, "तुम्ही उत्तर दिलंत. आता मी काही करू शकत नाही."

आता आपलं गाव समुद्रापासून किती लांब. तरी रोज झोपेत याचा उजवा पाय पलंगाच्या खाली सरकायचा. त्याने तो शब्दच टाकला. गिऱ्हाईक हाक मारून थकायचं, हा नुसता हात वर करायचा. मग बायकोने जुन्या साडीची पट्टी फाडली. एक टोक त्याच्या घोट्याला, दुसरं आपल्या मनगटाला. त्याशिवाय ती झोपत नसे.

एके रात्री तिचं मनगट ओढलं गेलं. ती जागी झाली. पट्टी ताणलेली. तिने दोन्ही हातांनी धरली. ओढली. पण दम कोंडला... पंप त्याच्या उशाशी... हात पोचेना...

अंधारात तो झोपेतच म्हणाला. अगदी स्पष्ट.

"आलो, आलो."

पट्टी सैल पडली.

सकाळी तिने दाराची आतली कडी काढली तेव्हा मी आत गेलो. पलंगावर त्याची जागा रिकामी. खिडकीला गज होते. पट्टी मी हातात घेतली. त्याच्या टोकाची गाठ तशीच होती. फास इतका घट्ट, की त्यातून पाऊल निघणं शक्य नव्हतं. ओला होता. पिळला तर पाणी निघालं... आणि माझ्या तळहातावर वाळू राहिली. पांढरी.