अण्णांच्या टेपचा बेल्ट

लालबाग नाक्यावरच्या टेपदुरुस्तीच्या दुकानाला कुलूप नसतं, तर कालिंदी त्या जिन्याखाली कधी गेलीच नसती. हातात वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, बंद पडलेला टेप; आणि चाळीच्या जिन्याखाली कुणाचा तरी टेप मजेत गात होता. गाण्यामागोमाग गेली, तर पुढे रघुवीर! गिरणीतला साचेवाला. संप मिटायची वाट पाहून कंटाळला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसला.

“आतला बेल्ट सैल झालाय, मॅडम. या मॉडेलचा मिळणं मुश्कील. तोवर रबर लावतो.”

रबरावर अण्णांचे कीर्तनकारबुवा पडसं झाल्यासारखे गाऊ लागले. अण्णा वैतागले, कालिंदी मात्र तक्रार घेऊन पुन्हा पुन्हा जिन्याखाली जाऊ लागली. पण बेल्ट मिळाला की संपलंच सगळं... रोज देवापुढे हात जोडून ती अण्णांना आयुष्य मागायची, आणि लगेच — तो बेल्ट तेवढा मिळू देऊ नकोस!

पण मिळाला.

“ऐका,” रघुवीर म्हणाला. बुवा खणखणीत गायले. कालिंदीनं उगाच आवाज कमी-जास्त करून पाहिला.

“आता... काहीच बिघडणार नाही?”

“वर्षभर तरी नाही.” त्याचाही चेहरा उतरलेलाच.

त्यानं बुवांना थांबवलं आणि जिन्याखाली चिडीचूप झालं. रघुवीरचा टेप आज गप्प होता! कालिंदीनं तो पुढे ओढला. अगदी अण्णांच्यासारखाच. मागचं झाकण उघडं, आत बेल्टच नाही.

“अहो! म्हणजे बेल्ट तुमच्याकडेच होता? मग आधी का नाही दिलात?”

“आधी दिला असता, तर तुम्ही परत आला असतात?”

“मग... आज का दिलात?”

“अण्णांची दया आली. आणि बुवांची.”

कालिंदीला हसू येईना, रडूही येईना. आता नाही बोलले, तर कधीच नाही.

“रविवारी फणसवाडीत या. आमच्या घरी.”

“संपवाल्याला अण्णा चहा तरी विचारतील?”

“त्यांचे बुवा बरे केलेत तुम्ही. चहाच काय, मी पोहेसुद्धा करीन.”

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. मुलगी बघायला आलेल्यालाच पोहे करतात, हे काय त्याला ठाऊक नव्हतं?

रघुवीरच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. तो उचलायचंही त्याला सुचेना.

“मग... आईला आणू बरोबर?”

“आणा,” कालिंदी म्हणाली, आणि अण्णांचा टेप तिथेच विसरून भराभर चालू लागली.