त्याच्या वतीनं

रेवदंडा मागे पडलं तरी कंडक्टरचा आरडाओरडा चालूच होता. "ओ पाव्हणं, तिकीट! कुठं उतरायचं हाय?" खिडकीशी बसलेला तरुण आपला शांतपणे बाहेर बघत होता. कंडक्टरनं आवाज चढवला, मागच्या बाकावरच्या आजोबांनी चढवला, शेवटी ड्रायव्हरनंही आरशात बघून त्यात आपला सूर मिसळला. मगाशी हॉर्न वाजला तेव्हा गाडीतल्या सगळ्या माना वळल्या होत्या, ही एक सोडून. आश्लेषाला तेव्हाच कळलं होतं.

"ओरडून काही उपयोग नाही, त्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली आणि हात लांबवून तिनं त्या तरुणाच्या खांद्याला बोट लावलं. तो वळला. तिनं खुणेनं तिकिटाचं विचारलं. त्यानं पैसे काढले, कंडक्टरला झकास नमस्कार केला, आणि मग तिच्याकडे बघून हातांनीच म्हणाला, "फार आभार! पण या खुणा कुठल्या गावच्या?"

"नांदगावच्या. का?"

"छान आहेत… जरा गावठी आहेत."

आश्लेषानं मांडीवरच्या कोथिंबिरीच्या जुड्या बाजूला ठेवल्या. भांडायला दोन्ही हात मोकळे हवे होते. मुंबईत दोन वर्षं बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवल्यामुळे तिला शहरी खुणा चांगल्या येत होत्या. पण मनापासून बोलायला लागली की हात श्यामला आत्याचे चालत. आत्या जन्मापासून बहिरी. दोघींनी मिळून घरात एक भाषाच करून ठेवली होती. पोस्टमनला सायकलची खूण, डॉक्टरला तुटक्या चपलेची, आणि नको असलेल्या पाहुण्याला नुसतं नाक मुरडायचं.

"आणि हव्या असलेल्या पाहुण्याला?" त्यानं विचारलं.

"तसा अजून आला नाही," ती म्हणाली. तो इतक्या मोठ्यानं हसला की कंडक्टर दचकला.

नांदगावला दोघंही उतरले, आणि दोघंही एकाच वाडीच्या फाटकाशी थांबले. काशीदला सिनेमाचं शूटिंग होतं आणि युनिटची राहण्याजेवणाची सोय आश्लेषाच्याच घरी होती. त्याचं नाव अनीश. बहिऱ्या कलावंतांच्या एका मंडळीत तो बारा वर्षं नाटकं करत होता. त्याचे प्रयोग बघायला लोक लांबून येत, पण सिनेमात मात्र त्याच्या वाट्याला आजवर प्रेतंच आली होती. "प्रेताला संवाद नसतात ना," तो डोळे मिचकावून सांगायचा, "म्हणून दिग्दर्शकांना मी परवडतो." या वेळी बढती होती. तो नावाडी होता आणि चक्क जिवंत होता.

पंधरवड्यात घरातली हवाच बदलली. सुपाऱ्या वाळत घालताना अनीश आत्याच्या शेजारी उकिडवा बसायचा आणि आख्खं गाव तिला करून दाखवायचा. सरपंच कसे चालतात, कोळीणबाई भाव कशी सांगते. आत्या डोळ्याला पदर लावेपर्यंत हसायची. आश्लेषा चहाचे कप घेऊन दारात उभी राहायची… आणि चहा गार व्हायचा. मग तो वळून विचारायचा, "कुणाकडे बघतेस?"

"सुपारीकडे."

"सुपारी लाजलीय."

कधी समुद्रावर जाताना वाट अरुंद असली की दोघांना एकामागून एक चालावं लागे, आणि मग बोलणंच बंद पडे. तो दर चार पावलांवर थांबून वळायचा. नुसतं तिचं तोंड बघायला. तिला वाटायचं, ही वाट संपूच नये. किती साधी गोष्ट होती ती, आणि किती सुखाची!

दिग्दर्शक विनेशनं एका संध्याकाळी अनीशची ती नक्कल पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी पडवीत येऊन बसला. "मला या माणसाला याच सिनेमात मोठी भूमिका द्यायचीय. नावाड्याऐवजी नायकाचा बहिरा भाऊ. ताई, तुम्ही मधे बसाल का? मोबाइलवर टाइप करत बसलं तर दिवस जाईल."

आश्लेषा मधे बसली. भूमिका खरंच मोठी होती. शेवटी भावाचं ऑपरेशन होतं, त्याला ऐकू येऊ लागतं, आणि तो पहिला शब्द बोलतो, "आई."

अनीशचा चेहरा उतरला. तो सावकाश, नीट, एकेक खूण वेगळी ठेवून म्हणाला, "काम आवडलं. पण शेवट बदलला तरच करीन. ऑपरेशन होऊन आई म्हणणारा बहिरा मी करणार नाही. माझी माणसं सिनेमात कायम बरी तरी होतात, नाहीतर मरतात. माझं मरून झालंय. बरा होणार नाही."

तिनं विनेशकडे पाहिलं. तो घड्याळ बघत होता. हा उठून गेला तर संपलं, तिच्या मनात आलं. अनीश पुन्हा प्रेतं करत फिरणार. आणि इथला मुक्काम लांबण्याची जी एक आशा होती, तीही गेली. घरी वर्षानुवर्षं तिनं हेच केलं होतं. आत्या शेजाऱ्यावर चिडली की ती शेजाऱ्याला "आत्या विचारतेय, बरे आहात ना" सांगायची, आणि शेजारी तुसडं बोलला की आत्याला "हसतायत" म्हणायची. दोन्हीकडची टोकं घासून गुळगुळीत करायची. त्याला ती माया म्हणायची.

"करतो म्हणतायत," ती विनेशला म्हणाली. "शेवटाबद्दल थोडं… पुढे बोलू म्हणतायत."

"बोलू की! ते पुढचं पुढे."

आणि अनीशला तिनं हातांनी सांगितलं, "शेवट बदलतो म्हणाले."

अनीशनं तिथंच, सगळ्यांसमोर, तिचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. तिला रडू आलं. विनेशला वाटलं, आनंदानं.

महिनाभर काम झकास चाललं. ती रोज ठरवायची, आज विनेशशी बोलू. रोज एकतर उजेड जात होता, नाहीतर भरती येत होती. अनीश विचारायचा, "नवा शेवट लिहिला का?" ती म्हणायची, "लिहितायत."

शेवटच्या दिवशी काशीदच्या किनाऱ्यावर पाट्या, छत्र्या, माणसं… सगळं तयार होतं. अनीशच्या हातात कागद आला. त्यानं वाचला, पुन्हा वाचला, आणि तरातरा विनेशपुढे जाऊन उभा राहिला. आश्लेषा धावत गेली.

"हा जुनाच शेवट आहे," अनीश म्हणाला. तिनं विनेशला सांगितलं.

विनेश गोंधळला. "म्हणजे? त्यांनी पहिल्याच दिवशी होकार दिला होता. ताई, तुम्हीच सांगितलंत ना मला?"

आता हे अनीशला सांगायचं होतं, आणि सांगणारी तीच होती. अजूनही सोपं होतं. 'विनेशनं शब्द फिरवला' एवढी खूण पुरे होती. अनीशनं डोळे झाकून विश्वास ठेवला असता. तिचे हात छातीशी येऊन थांबले. मग तिनं शब्दाला शब्द लावून सांगितलं, "ते म्हणतायत, तू पहिल्या दिवशी होकार दिलास. मी सांगितला."

अनीशनं तिच्या हातांकडे पाहिलं.

"मी काय म्हणालो होतो, ते आता सांग त्यांना."

तिनं सांगितलं. ऑपरेशन, आई, मरून झालंय, बरा होणार नाही… सगळं. विनेश कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे देवा. पण आता सूर्य चाललाय, उद्या युनिट उठणार. मी काय करू?"

अनीशनं किनाऱ्यावर नजर फिरवली. सकाळपासून उन्हात तिष्ठत असलेली माणसं त्याच्याकडे बघत होती. त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि जागेवर जाऊन उभा राहिला. त्यानं तो प्रसंग असा केला की लाइटवाल्यांनीही डोळे पुसले. विनेशनं त्याला मिठी मारली. "या एका सीनवर नाव होणार तुमचं!" हेही आश्लेषालाच सांगावं लागलं.

"होईल," अनीश म्हणाला. "आणि आता सगळे मला बरं व्हायलाच बोलावतील."

घरी तिनं आत्याला सगळं सांगितलं. आत्या रागावली नाही. निवडायला घेतलेले तांदूळ तिनं बाजूला सारले. "मला एकदा स्थळ आलं होतं. मुलगा माझ्यासारखाच होता. तुझ्या आजोबांनी परस्पर नकार दिला. मला वर्षानं कळलं. फार जीव होता त्यांचा माझ्यावर." आणि तिनं पुन्हा तांदूळ पुढे ओढले.

सकाळी युनिटच्या गाड्या लवकरच निघून गेल्या. आश्लेषानं स्कूटर काढली आणि मांडव्यापर्यंत कुठं थांबली नाही. ती धक्क्यावर पोचली तेव्हा मुंबईची बोट सुटत होती. वरच्या डेकवर अनीश होता. इंजिनाच्या आवाजात धक्क्यावरची माणसं आपापल्या पाहुण्यांना ओरडून काहीबाही सांगत होती आणि कुणाचं कुणाला कळत नव्हतं. बोलू शकत होते ते फक्त हे दोघं.

"चुकले मी."

"माहीत आहे."

"माफ कर."

"केलं."

तिचा जीव भांड्यात पडला. "मग परत ये. नाहीतर मी येते मुंबईला."

त्यानं मान हलवली. "आयुष्यभर लोक माझ्या वतीनं बोलत आले. तुझ्याशी बोलताना वाटलं, आता मी बोललो. तेवढंच हवं होतं मला." पाणी रुंदावत होतं. त्याचे हात मोठे होत गेले, रंगमंचावर मागच्या रांगेसाठी करतात तसे. "आता तू शेजारी असलीस की मला प्रत्येक माणसाचा चेहरा तपासावा लागेल, मी काय बोललो ते कळायला. भेटू नकोस."

तिनं दोन्ही हात वर उचलले. इतक्या दिवसांत न म्हटलेलं आता म्हणायचं होतं, आत्याच्या आणि तिच्या खुणांत. ते हात बघताच त्यानं डोळे मिटून घेतले. तिनं तरी सगळं म्हटलं, शेवटपर्यंत. त्यानं डोळे कधी उघडले ते तिला कळलं नाही, तोवर त्याचा चेहरा ओळखू येण्याच्या पलीकडे गेला होता.

शेजारी जावयाला पोचवायला आलेली एक बाई मघापासून टकमक बघत होती. "काय सांगत व्हता गो तो?" तिनं कौतुकानं विचारलं. "लवकर येतो म्हनला काय?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. बाईला बरं वाटलं असतं, आणि क्षणभर आश्लेषालाही.

"नाही," ती म्हणाली. "'भेटू नकोस' म्हणाला."